परसातून माडीवर

घराचा जुना नकाशा हरवला तरी भाषेत तो शिल्लक राहतो. ‘परसाकडे जाणे’ हा शब्दप्रयोग वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून ऐकू येतो. ‘बहिर्दिशा’ हा त्याचाच संस्कृत भाईबंद. दोहोंत कृतीचे नाव नाही, केवळ दिशेचे आहे : घराच्या मागे, घराच्या बाहेर. न्हाणीला घरात थारा होता. परंतु तोही तळमजल्यावर, मागील पडवीला लागून, आड आणि चुलवण यांच्या सोयीने. आज जुने घर दुरुस्तीस काढणारा गृहस्थ खालची न्हाणी आणि शौचकूप वर, निजण्याच्या खोलीशेजारी घेण्याचा बेत प्रथम करतो. चार भिंती आणि दोन नळ यांचे हे काम दिसते खरे. परंतु ते शक्य होण्यास शतके लागली, आणि त्यांचा इतिहास केवळ बांधकामाचा नाही.

वरच्या मजल्यावर स्नान करण्याची कल्पना या देशाला नवी नव्हती. १९२२ पासून मोहेंजोदडो येथे जे उत्खनन झाले, त्यात भिंतींतून खाली उतरणाऱ्या मातीच्या उभ्या नळ्या सापडल्या. वरच्या मजल्यांवरही न्हाण्या होत्या, असे त्यांवरून विद्वानांनी अनुमान केले. मग पुढच्या काळात आपल्या घरांतील न्हाणी तळाशीच का राहिली?

पहिले कारण पाण्याचे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजचे पाणी बांधीव नळांतून पुण्याच्या हौदांत आले. हे काम मोठेच होते. परंतु ते पाणी उतारावरून वाहत येई आणि हौदात विसावे. माडीवर ते चढे ते घागरीतून, बहुधा घरातील स्त्रीच्या किंवा मोलकरणीच्या कमरेवरून. दुसरे कारण जमिनीचे. लाकडी तुळया, कडीपाट आणि त्यावर मातीची सारवलेली भुई अशा माडीवर रोज घंगाळभर पाणी ओतले असते, तर काही पावसाळ्यांतच खालच्या माणसाच्या डोक्यावर आढे आले असते.

पाण्याचा प्रश्न यंत्रयुगाने सोडविला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दीत १८९२ साली आजव्याच्या तलावाचे पाणी शहरात आले. कलकत्त्यात टाला येथे ११० फूट उंचीवर ९० लाख गॅलनांची लोखंडी टाकी उभी राहून १९११ मध्ये वापरात आली. पाणी आधी उंच चढवावे, मग ते आपल्या भाराने घराघरांत चढेल, हे साधे तत्त्व तिने एका महानगराला प्रत्यक्षात आणून दिले. पुढे सिमेंट-काँक्रीटचा प्रसार झाला आणि ओल्या जमिनीचे भयही ओसरले.

तिसरे कारण मात्र पाण्याचे नव्हते, चुन्याविटांचेही नव्हते. ते माणसाचे होते. शौचकूप घराच्या मागे होता, कारण तो साफ करणाऱ्याने घरात येऊ नये अशी समाजाची इच्छा होती. त्याच्यासाठी मागील दार वेगळे, बोळ वेगळा, वेळही वेगळी. घाण खाली ठेवावयाची, कारण ती उचलणारा खालीच उभा राहणार होता. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात या कामासाठी ‘हलालखोर’ नावाचा स्वतंत्र करच होता. एका समाजाचे नाव कराच्या सदरात छापले गेले, आणि ते वाचून कोणाला अवघडल्यासारखे झाले नाही.

ही व्यवस्था न बदलता केवळ जागा बदलली तर काय होते, याचा दाखला महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवल्यावर राजकोटात स्वच्छतेची पाहणी करणाऱ्या समितीत ते होते. एका घराच्या माडीवर निजण्याच्या खोलीतच मोरी होती. तिचाच वापर लघवीसाठी आणि शौचासाठी होई, आणि तिची नळी खाली उतरे. दुर्गंधीमुळे त्या खोलीत उभे राहवेना. त्याच पाहणीत अस्पृश्यांच्या वस्तीतील घरे मात्र त्यांना स्वच्छ, शेणाने सारवलेली आढळली.

त्या माडीवर उणीव होती ती एका वाकड्या नळीची. अलेक्झांडर कमिंग या घड्याळे करणाऱ्या कारागिराने १७७५ साली लंडनमध्ये जिचे पेटंट घेतले, त्या नळीच्या वळणात थोडे पाणी नेहमी साचून राहते आणि खालची दुर्गंधी वर येऊ देत नाही. हे वळण, धुऊन काढणारी टाकी आणि रस्त्याखालचे गटार एवढी सिद्धता झाली तेव्हाच शौचकूप सुखाने माडीवर चढू शकला. मुंबईच्या चाळींत मोरी खोलीत आली आणि संडास गॅलरीच्या टोकाला राहिले. पुढे फ्लॅटांत तेही दाराच्या आत आले. आजाऱ्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला रात्री कंदील घेऊन जिना उतरण्याचे कारण उरले नाही. अंधार पडण्याची वाट पाहत दिवस काढणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने तर ही क्रांतीच होती. तिचे मोल कोणी कमी लेखू नये.

परंतु नळाने माणसाची सुटका केली, असे म्हणावयास जीभ अडखळते. सुटकेसाठी झटणारी माणसे होती. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकामाचा हक्क मागितला आणि पुढे खेड्यांना परवडतील असे संडास रचून दाखविले. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या हलाखीची चौकशी केली. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि अधिक कडक असा दुसरा २०१३ मध्ये. तरीही गटारात उतरून माणसे मरत राहिली. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयास २०१४ मध्ये सांगावे लागले. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख करावी लागली.

याचा अर्थ उघड आहे. पूर्वी तो माणूस परसातल्या बोळात तरी दिसत असे. न्हाणी वर गेली, नळ भिंतीत लपला, गटार रस्त्याखाली गेले आणि त्यांच्याबरोबर तोही दृष्टीआड झाला. आपण एक मजला वर गेलो. तो एक मजला खाली गेला. यंत्राने उंची दिली, परंतु त्या यंत्राचे शेवटचे टोक यंत्राच्याच हाती देण्याची निकड समाजाला तेवढ्या तीव्रतेने वाटली नाही. कारण तेथे उतरावयास कोणीतरी जन्मतःच नेमलेला आहे, ही समजूत परसातून निघून गटारापर्यंत सुखरूप पोहोचली होती.

म्हणून माडीवर न्हाणी बांधणाऱ्याने गवंड्याला नळ कोठून चढणार एवढे विचारून थांबू नये. तो उतरतो कोठे, आणि तुंबला तर तेथे यंत्र जाणार की माणूस, हेही विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ‘यंत्र’ असे निःसंशय मिळेल त्या दिवशी खालची न्हाणी खऱ्या अर्थाने वर गेली, असे इतिहासाला लिहिता येईल.