दोष कुणाचा, तपासणी कुणाची

16व्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ या ग्रंथात एका नव्या रोगाची नोंद केली आणि त्याला नाव दिले ‘फिरंगरोग’. आज आपण ज्याला सिफिलिस म्हणतो आणि बोलीत ज्याला गरमी म्हणत आले, तोच हा रोग. 1495च्या सुमारास नेपल्समध्ये त्याची मोठी साथ पसरली, तेव्हा फ्रेंचांनी तो नेपल्सचा ठरवला, तर इटालियनांनी फ्रेंचांचा. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने त्यावरचे औषध म्हणून चोपचिनी या मुळीची चर्चा केली. मुळी चीनची, रोग फिरंग्यांचा; औषधालाही आणि रोगालाही परक्या मुलखाचेच नाव. औषधाच्या नावाने कुणाचे बिघडले नाही. रोगाच्या नावाने मात्र बंदोबस्ताआधी दोष कुणाच्या तरी माथी मारण्याची सवय लावली. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांचा आपल्याकडचा इतिहास पाहिला तर दिसते ते असे, की तपासणी जेव्हा दोषारोपाला जोडली गेली तेव्हा ती फसली, आणि त्यापासून सुटली तेव्हाच उपयोगी पडली.

पहिला पुरावा मुंबईचा. ब्रिटिश सैन्यातील सोल्जर परमा (गनोरिया) आणि गरमीने आजारी पडत, म्हणून 1868 साली सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. मुंबईत तो 1870मध्ये लागू झाला, 1872मध्ये थांबला, 1880मध्ये पुन्हा आला आणि 1888मध्ये रद्द झाला. वेश्याव्यवसायातील स्त्रीने नाव नोंदवायचे, ठरावीक मुदतीने तपासणीला हजर व्हायचे आणि रोग दिसला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये अडकून पडायचे, असा त्याचा शिरस्ता होता. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला हा कायदा हातही लावत नव्हता. साहजिकच अनेक स्त्रिया नोंदणी चुकवत राहिल्या. अंमल कडक असता तर कायदा यशस्वी झाला असता, असे कुणी म्हणेल. पण तेव्हाची तपासणी म्हणजे नुसती नजर होती. परम्याचा जंतू 1879मध्ये सापडला, सिफिलिसचा तर 1905मध्ये. सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही आणि उपचाराशिवायही काही आठवड्यांत भरून येतो. रोग मात्र आत राहतो. त्यामुळे नजरेला ‘निरोगी’ दिसलेली स्त्री बाधित असू शकत होती आणि साध्या पांढऱ्या पाण्याचा त्रास असलेली कोंडली जाऊ शकत होती. अंमल कितीही कडक केला असता, तरी संसर्गाच्या साखळीचा अर्धा भाग मोकळाच राहिला असता.

नजरेची जागा रक्ताने घेतली ती 1906 साली, वासरमान चाचणीने. 1946पासून व्हीडीआरएल चाचणी आली, ती आजही प्रयोगशाळांत होते. काचपट्टीवर आखलेल्या कड्यात रक्तद्रवाचा थेंब ठेवतात, त्यात बैलाच्या हृदयापासून काढलेल्या स्निग्ध द्रव्याचा छोटा थेंब मिसळतात, चार मिनिटे पट्टी गोल हलवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गुठळ्या झाल्या का ते पाहतात. रक्त सोल्जरचे की वेश्येचे, हे त्या थेंबाला कळत नाही. अर्थात हा थेंब शेवटचा निवाडाही नव्हे. मलेरिया, कुष्ठरोग किंवा गरोदरपण यांमुळेही कधी गुठळ्या दिसतात, म्हणून दुसऱ्या चाचणीने खात्री करून घ्यावी लागते. 1943मध्ये पेनिसिलीन सिफिलिसवर लागू पडते हे सिद्ध झाले आणि पुढच्या दशकात पिंपरीच्या कारखान्यात ते आपल्याकडेच बनू लागले. निदान आणि इलाज दोन्ही हाती आले. नजर मात्र जुनीच राहिली.

ती किती जुनी, हे 1989मध्ये गोव्याने दाखवले. डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्तात एचआयव्ही आढळताच पोलिसांनी त्याला उचलले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ एकटे डांबून ठेवले. गोव्याच्या कायद्यात तशी तरतूदच होती. समाजाच्या रक्षणासाठी एकाचे स्वातंत्र्य गेले तर बिघडले कुठे, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो गंभीर आहे. पण एचआयव्ही हवेतून, स्पर्शातून किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. मग कोंडून रक्षण कुणाचे झाले? उलट तपासणीच्या दारापुढे पोलिसाची गाडी उभी दिसली की दुसरा माणूस त्या दाराशी फिरकत नाही. न तपासलेला माणूस नकळत संसर्ग देत राहतो, आणि खरा धोका तिथे असतो. 2017च्या एचआयव्ही कायद्याने चाचणीला माणसाची संमती आणि निकालाला गोपनीयता आवश्यक केली, ती याच धड्यावरून उमजायला हवी.

आणखी एक आक्षेप घरोघर ऐकू येतो: आम्ही मर्यादेत राहणारी माणसे, आम्हाला काही होत नाही, मग तपासायचे कशाला? र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले ते अशाच मौनाविरुद्ध. जंतूला मर्यादा कळत नाही. क्लॅमिडिया आणि परमा बाईच्या शरीरात अनेकदा काहीही न दाखवता राहतात आणि गर्भनलिका खराब करून मूल होण्याची वाट बंद करतात. एचआयव्ही वर्षानुवर्षे गप्प असतो, आणि संसर्गानंतर लगेच केलेल्या चाचणीत तो सापडतही नाही, म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. सिफिलिस असलेल्या गर्भवतीला वेळेवर पेनिसिलीन मिळाले नाही तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकते. मिळाले तर बाळ वाचते. पण नवऱ्याने तपासून घेतले नाही तर तोच रोग तिला पुन्हा होऊ शकतो. 1868च्या कायद्यातला गाळलेला पुरुष इथे पुन्हा समोर येतो, या वेळी आपल्याच घरात. गरोदर सुनेचे रक्त तपासायला दिले जाते, त्याच दिवशी तिच्या नवऱ्यानेही बाही वर करायला हवी. ‘गुप्तरोग’ या शब्दातले गुप्त राहायला हवे ते एवढेच: दोघांचा अहवाल.