टायर बदलताना कंपनीचेच घ्यावेत की दुसरे? स्पोर्ट्स कारपासून गावाकडच्या हॅचबॅकपर्यंत, समजून घ्या पूर्ण हिशोब

सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून मैंदर्गी नावाचं गाव आहे. अक्कलकोट आणि दुधनी यांच्या मधलं हे गाव, नगरपरिषद असलेलं, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारं. इथल्या एखाद्या घरातली गाडी सकाळी पुण्याला निघाली, तर आधी गावाकडचा खड्ड्यांचा तुकडा, मग अक्कलकोट-सोलापूर आणि पुढे अडीचशे किलोमीटरचा हायवे. त्यात एप्रिल-मे महिना असेल तर वर ४२ अंशांचं ऊन आणि खाली तापलेला रस्ता.

या सगळ्या प्रवासात गाडीचा रस्त्याला टेकणारा भाग किती असतो? प्रत्येक टायरमागे साधारण तळहाताएवढा. ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग, सगळं त्या चार तळहातांच्या भरवशावर.

तरीही टायर गोटे झाले की दुकानात एकच प्रश्न विचारला जातो, "स्वस्तात कुठला बसेल?" दुसऱ्या टोकाला काही जण "कंपनीचेच पाहिजेत" म्हणून अडून बसतात. यात बरोबर कोण? उत्तरासाठी आधी स्पोर्ट्स कारकडे बघावं लागेल, कारण हा वाद तिथेच सगळ्यात जास्त रंगतो.

कंपनीचा टायर म्हणजे नेमका कुणाचा?

पहिला गैरसमज इथेच आहे. गाडीची कंपनी टायर बनवत नाही. ती सिएट, एमआरएफ, अपोलो, ब्रिजस्टोन, मिशेलिन अशा टायर कंपन्यांकडून घेते. त्यामुळे टायरची वॉरंटीही बहुतेक वेळा टायर कंपनीच देते.

पण गाडीची कंपनी बाजारातला कुठलाही टायर उचलून लावत नाही. नवीन मॉडेल तयार होत असताना टायर कंपनीला अटी दिल्या जातात. ब्रेक लागायला किती अंतर हवं, ओल्या रस्त्यावर पकड किती हवी, आवाज किती चालेल, मायलेज किती मिळायला हवं, वगैरे. आणि हो, किंमत किती असावी हेसुद्धा.

या सगळ्या अटी एकाच टायरमध्ये शंभर टक्के पूर्ण होत नाहीत. पकड वाढवायला रबर मऊ केलं तर ते लवकर झिजतं. मायलेजसाठी टायर हलका फिरेल असा केला तर पकडीत तडजोड होऊ शकते. म्हणजे गाडीसोबत आलेला टायर हा त्या गाडीसाठी ठरवलेला मधला मार्ग असतो. तो जगातला सर्वोत्तम टायर असेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट. दुकानात त्याच नावाचा, त्याच साइजचा टायर मिळतो म्हणून तो गाडीसोबत आलेल्या टायरसारखाच असेल असं नसतं. रबराचं मिश्रण आणि आतली बांधणी वेगळी असू शकते.

स्पोर्ट्स कारच्या टायरवरचं छोटं अक्षर

महागड्या गाड्यांमध्ये हा फरक टायरवर छापलेलाच असतो. पोर्शेसाठी मंजूर झालेल्या टायरवर 'एन' अक्षर आणि पुढे आकडा असतो. मर्सिडीजसाठी 'एमओ', ऑडीसाठी 'एओ', तर बीएमडब्ल्यूसाठी छोटी चांदणी. म्हणजे या टायरची चाचणी त्या गाडीवर झाली आहे.

इथे हे अक्षर महत्त्वाचं का? पोर्शे ९११ कॅरेराच्या सध्याच्या पिढीत पुढचे टायर २३५/४० साइजचे, १९ इंची रिमचे आहेत. मागचे २९५/३५ साइजचे, २० इंची. पुढचे-मागचे वेगळेच. इंजिन मागे, वजन मागे आणि वेग तीनशेच्या घरात जाणारा. अशा गाडीत एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळाच टायर लावला, तर वळणावर गाडी कशी वागेल याचा अंदाज ड्रायव्हरलाही येणार नाही. म्हणूनच चारही टायर एकाच प्रकारच्या 'एन' मंजुरीचे ठेवा, असं पोर्शे सांगते.

भारतात यात अजून एक अडचण आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने वाहनांच्या नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे आयातीसाठी परवाना लागू झाला. इथे न बनणाऱ्या साइजचे टायर हवे असतील तर त्याचा परिणाम थेट उपलब्धतेवर होतो. त्यामुळे स्पोर्ट्स कारवाल्यांनी टायर पूर्ण झिजायची वाट न बघता आधीच शोधाशोध केलेली बरी.

थोडक्यात, स्पोर्ट्स कार असेल तर मंजुरीचं चिन्ह असलेलाच टायर घेणं शहाणपणाचं. तो मूळ ब्रँडचाच असायला हवा असं नाही, कारण एकाच गाडीसाठी अनेकदा दोन-तीन ब्रँड मंजूर असतात.

मग साध्या गाडीचं काय?

स्विफ्ट, आय-२०, नेक्सॉनवाल्यांना चिन्हाची काळजी नाही. इथे ब्रँड बदलला तरी चालतो. पण टायरवरचे आकडे बदलून चालत नाही.

समजा टायरवर लिहिलंय '१८५/६५ आर १५ ८८ एस'. याचा अर्थ असा:

• १८५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
• ६५ : टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के.
• आर १५ : रेडियल टायर, १५ इंची रिमसाठी.
• ८८ : लोड इंडेक्स. ८८ म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो. ८५ म्हणजे ५१५, ९१ म्हणजे ६१५ किलो.
• एस : वेगाची मर्यादा, ताशी १८० किलोमीटर. टी म्हणजे १९०, एच २१०, व्ही २४० आणि वाय ३००.

शेवटचे दोन लक्षात ठेवा. लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर मॅन्युअलमध्ये दिलंय त्यापेक्षा खालचं घ्यायचं नाही. वरचं चालतं.

"आपल्याकडे १२०च्या वर जायचंच नाही, मग वेगाचं अक्षर कशाला बघायचं?" असं कुणी म्हणेल. पण हे अक्षर टायर किती उष्णता सहन करतो याचंही माप आहे. भरलेली गाडी, उन्हाळा आणि सलग तीन तासांचा हायवे, अशा वेळी ते कामाला येतं.

'जरा मोठे टाका' म्हटलं तर?

गाडी भारी दिसावी म्हणून रुंद टायर टाकायची हौस अनेकांना असते. १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ टाकला तर काय होतं? मूळ टायरचा व्यास साधारण ६२२ मिलिमीटर, नव्याचा ६४८. फरक चार टक्क्यांहून जास्त. म्हणजे मीटरवर १०० दिसत असताना हिशोबाने गाडी १०४ने धावतेय. शिवाय टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासू शकतो, स्टेअरिंग जड होतं, मायलेजही कमी होतं.

एकूण व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असं साधारणपणे सांगितलं जातं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत असलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून सोपा मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जी साइज दिलीय, तिच्या पलीकडे जाऊ नये. त्यासाठी रिमही त्याच मापाचे लागतात.

बारीक भिंतीचे 'लो प्रोफाइल' टायर टाकतानाही विचार करा. ९११च्या पुढच्या टायरची भिंत फक्त ९४ मिलिमीटर आहे. १६५/८० साइजच्या साध्या हॅचबॅकची भिंत १३२ मिलिमीटर. गावाकडच्या खड्ड्यात ही जाड भिंतच दणका सोसते. भिंत बारीक असेल तर दणका रिमपर्यंत जातो आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

१. तारीख. टायरच्या भिंतीवर 'डीओटी' लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर 'नवीन' म्हणून घेऊ नका.

२. आयएसआय चिन्ह. भारतात वाहनांच्या टायरला हे सक्तीचं आहे.

३. दोनच बदलणार असाल तर नवीन जोडी मागे. ऐकायला उलटं वाटतं, कारण बहुतेक गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना असते. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरणं कठीण जातं.

४. बाण आणि बाजू. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर कुठली बाजू बाहेर ते लिहिलेलं असतं. बसवताना स्वतः उभं राहून बघा. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करूनच निघा.

५. जुने टायर स्वस्तात नकोत. आधी कुठल्या गाडीला होते, आतून किती मार खाल्लाय, हे बाहेरून कळत नाही.

मैंदर्गीच्या उन्हात सगळ्यात मोठा शत्रू कोण?

ऊन? अर्धं उत्तर बरोबर. खरा शत्रू म्हणजे कमी हवा. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीत जास्त दबते, त्यातून उष्णता तयार होते आणि आतले थर सुटायला लागतात. वरून रस्ता तापलेला असेल तर टायर फुटायला वेळ लागत नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण एक पीएसआय वाढतं. त्यामुळे हायवेवर मध्येच थांबून 'जास्त झाली' म्हणून हवा काढली, तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, ती भरायची नसते.

नायट्रोजन भरला की झालं, असंही नाही. साध्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला तरी प्रेशर तपासावंच लागतं.

टायर फुटणं हे नशीब?

या प्रश्नाचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने दिलंय. २०१० साली पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका कारचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आतल्या एका तरुणाचा जागीच मृत्यू झाला. घरात कमावणारा तो एकटाच होता. न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई दिली. विमा कंपनी मात्र उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणं ही दैवी घटना आहे, असं तिचं म्हणणं होतं.

२०२३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. दैवी घटना म्हणजे ज्यावर माणसाचं नियंत्रण नाही अशी नैसर्गिक आपत्ती. टायर फुटतो तो जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, वापरलेले टायर, तापमान अशा कारणांनी. प्रवासाला निघण्याआधी टायर तपासणं ही चालकाची किंवा मालकाची जबाबदारी आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

मग बदलायचे कधी, आणि कुठले?

कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. मोजायला पट्टी लागत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर बदल, असा अनेक टायर कंपन्यांचा सल्ला असतो. यात डिकीत पडून असलेली स्टेपनीही आली.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर? स्पोर्ट्स कार असेल तर गाडीच्या कंपनीने मंजूर केलेलाच टायर. साधी गाडी असेल तर चांगल्या कंपनीचा कुठलाही, पण साइज तीच, लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर तेवढंच किंवा वरचं, आणि तारीख ताजी. दुकानात जाण्याआधी आपल्या टायरचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. दुकानदाराने "हाच बसतो" म्हटलं, की आकडे जुळवून बघता येतील.