तुपाक आणि बिगी : दोन मित्र, दोन किनारे, दोन खून

लास वेगास पोलिसांनी २९ सप्टेंबर २०२३ रोजी साठ वर्षांच्या ड्वेन डेव्हिस याला अटक केली, ती तब्बल २७ वर्षांपूर्वीच्या एका खुनाच्या आरोपाखाली. त्या खुनात बळी पडलेला रॅप गायक तुपाक शकूर मृत्यूसमयी अवघा २५ वर्षांचा होता. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत ख्रिस्तोफर वॉलेस ऊर्फ ‘नटोरियस बी.आय.जी.’ हा दुसरा गायक लॉस एंजलिसमध्ये जवळपास त्याच पद्धतीने, शेजारी येऊन थांबलेल्या मोटारीतून झालेल्या गोळीबारात ठार झाला. त्याचे वय २४. चाहते त्याला ‘बिगी’ म्हणत.

रॅप संगीताचा इतिहास लिहिताना ही दोन नावे टाळता येत नाहीत. नव्वदच्या दशकातील प्रसारमाध्यमांनी त्यांची कथा अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांतील युद्ध म्हणून रंगवली. त्या चित्रातील मोठी विसंगती अशी, की पश्चिमेचा सेनापती मानला गेलेला तुपाक जन्माने न्यूयॉर्कचाच होता. दोघांनाही वाढवले ते एकट्या आईने. आणि मैत्री तुटण्यापूर्वी कॅलिफोर्नियात गेलेला बिगी तुपाकच्याच घरी मुक्काम करत असे.

कोठडीतून सुटलेली आई

तुपाकचा जन्म १६ जून १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात झाला. त्याची आई आफेनी शकूर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या. शहरात बॉम्बस्फोट घडवण्याचा कट रचल्याच्या आरोपावरून पक्षाच्या २१ जणांवर खटला भरण्यात आला, त्यांत त्याही होत्या. गरोदर अवस्थेत त्यांनी न्यायालयात वकील न घेता स्वतःच बाजू मांडली. मे १९७१मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले आणि महिनाभराने तुपाक जन्मला. अठराव्या शतकात पेरूमध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या तुपाक आमारू याचे नाव त्याला देण्यात आले. (आपल्याकडील ‘दलित पँथर’चे नाव याच ब्लॅक पँथरवरून आले.)

पुढे हे कुटुंब बाल्टिमोरला गेले. तेथील कलाशाळेत तुपाकने अभिनय, काव्य आणि बॅले नृत्याचे शिक्षण घेतले. रस्त्यावरचा गुंड ही त्याची नंतरची प्रतिमा आणि शेक्सपिअरच्या नाटकांत रमणारा हा विद्यार्थी यांचा मेळ बसवणे अनेकांना जड जाते. १९८८मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातील मरिन सिटीत आले. आफेनी तोवर ‘क्रॅक’ या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडल्या होत्या. मुलाने ‘डिजिटल अंडरग्राउंड’ या संचात सामान वाहणारा आणि साथीचा नर्तक म्हणून काम सुरू केले. १९९१च्या नोव्हेंबरात त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला. बारा वर्षांच्या एका गरोदर मुलीची करुण कहाणी सांगणारे त्यातील गाणे त्याला वृत्तपत्रातील एका बातमीवरून सुचले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी या अल्बमला समाजात स्थान नाही, अशा शब्दांत त्यावर टीका केली.

आईच्या व्यसनाची कबुली आणि तिच्याविषयीची कृतज्ञता एकाच गाण्यात मांडणारे त्याचे ‘डिअर ममा’ १९९५मध्ये प्रसिद्ध झाले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे गाणे जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत समाविष्ट केल्याचे २०१०मध्ये जाहीर केले.

ब्रुकलिनचा कथेकरी

बिगीचा जन्म २१ मे १९७२ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. त्याची आई व्होलेटा वॉलेस जमैकातून स्थलांतरित होऊन आलेल्या बालवाडी शिक्षिका. वडील तो दोन वर्षांचा असतानाच निघून गेले. मुलगा अभ्यासात हुशार होता, पण किशोरवयातच तो नाक्यावर क्रॅक विकू लागला. आईला त्याचा पत्ता नव्हता. मुलाच्या खोलीत ताटलीत वाळत ठेवलेला क्रॅक पाहून तो शिळ्या बटाट्याचा लगदा असावा, अशा समजुतीने त्यांनी टाकून दिला, ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली. याच धंद्यापायी बिगीला नॉर्थ कॅरोलायनात नऊ महिने तुरुंगवास घडला.

सुटल्यावर त्याने हौसेने केलेले ध्वनिमुद्रण ‘द सोर्स’ या मासिकापर्यंत पोहोचले आणि १९९२मध्ये मासिकाच्या नवोदितांसाठीच्या सदरात त्याचे नाव झळकले. त्यातून शॉन ‘पफी’ कोम्ब्स या तरुण निर्मात्याने त्याला हेरले. कोम्ब्सच्या ‘बॅड बॉय’ कंपनीने बिगीचा पहिला अल्बम ‘रेडी टू डाय’ बाजारात आणला, ती तारीख होती १३ सप्टेंबर १९९४. तुपाकचा मृत्यू बरोबर दोन वर्षांनी, १३ सप्टेंबरलाच झाला.

दोघांच्या शैलीत मोठा फरक होता. तुपाकचे बोल थेट छातीतून येतात. राग, भीती आणि प्रार्थना एकाच कडव्यात मिसळतात. बिगी जाडजूड आवाजात, संथपणे, मिस्कील तपशील पेरत गोष्ट सांगतो. नंतरच्या काळात तो ओळी कागदावर उतरवतही नसे. मनातच जुळवून थेट ध्वनिक्षेपकासमोर उभा राहत असे. शब्दांच्या कसबात बिगी सरस, हे तुपाकच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही. मात्र श्रोत्याच्या आयुष्यात शिरण्याची तुपाकची ताकद बिगीकडे नव्हती.

पाच गोळ्यांनंतर

१९९३मध्ये दोघांची ओळख झाली. तुपाक तेव्हा चित्रपटांतही चमकलेला तारा होता, बिगी उमेदवार. दोघे मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मंचावर एकत्र गायलेही. ३० नोव्हेंबर १९९४ रोजी सारे पालटले. न्यूयॉर्कच्या क्वाड स्टुडिओच्या तळमजल्यावर तुपाकवर पाच गोळ्या झाडून त्याचे दागिने लुटण्यात आले. वरच्या मजल्यावर बिगी आणि कोम्ब्स होते. त्यांना हल्ल्याची पूर्वकल्पना होती, असा तुपाकचा समज झाला. दोघांनीही तो ठामपणे नाकारला. दुसऱ्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीत बसून न्यायालयात आलेल्या तुपाकला एका तरुणीच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात ज्युरीने दोषी ठरवले. आपण निर्दोष आहोत, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. तरी त्याच्या चरित्रातील हा भाग चाहत्यांच्या लेखनात बहुधा ओझरताच येतो, हे नोंदवले पाहिजे.

तो तुरुंगात असतानाच त्याचा ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ हा अल्बम विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. पण जामिनासाठी त्याच्याकडे पैसे नव्हते. ऑक्टोबर १९९५मध्ये लॉस एंजलिसच्या ‘डेथ रो’ कंपनीचा मालक शुग नाइट याने १४ लाख डॉलरच्या जामिनाची व्यवस्था केली आणि त्या बदल्यात तुपाकने तुरुंगातच त्याच्याशी करार केला. दोन किनाऱ्यांचे म्हणून गाजलेले युद्ध खरे पाहता या दोन कंपन्यांचे, किंबहुना दोन मालकांचे होते. तुपाकने बिगीला आणि त्याच्या पत्नीला उद्देशून अत्यंत जहरी गाणे काढले. मासिकांनी मुखपृष्ठे रंगवली, अल्बम लाखांनी खपले. आग विझवण्यात फारसे कोणाचे हित नव्हते.

७ सप्टेंबर १९९६च्या रात्री लास वेगासमध्ये माइक टायसनची मुष्टियुद्धाची लढत पाहून बाहेर पडताना तुपाक आणि त्याच्या साथीदारांनी ऑर्लँडो अँडरसन या कॉम्प्टनमधील टोळीच्या तरुणाला मारहाण केली. काही तासांतच सिग्नलला थांबलेल्या तुपाकच्या बीएमडब्ल्यूवर पांढऱ्या कॅडिलॅकमधून गोळीबार झाला. गाडी शुग नाइट चालवत होता. तो किरकोळ जखमी झाला. तुपाकने सहा दिवसांनी रुग्णालयात प्राण सोडला.

९ मार्च १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर लॉस एंजलिसमधील एका मेजवानीहून परतताना बिगीची गाडीही तांबड्या दिव्यापाशी थांबली होती. त्याला चार गोळ्या लागल्या. सोळा दिवसांनी त्याचा दुसरा अल्बम आला. त्याचे नाव आधीच ठरले होते, ‘लाइफ आफ्टर डेथ’. बिगीच्या हयातीत त्याचा एकच अल्बम निघाला होता.

लांबलेला न्याय

अँडरसनवर संशय होता, पण त्याने आरोप फेटाळले. त्याच्यावर खटला उभा राहिला नाही आणि १९९८मध्ये एका वेगळ्याच भांडणातील गोळीबारात तो मारला गेला. साक्षीदार बोलत नव्हते. वृत्तपत्रेही घसरली : क्वाड स्टुडिओतील हल्ल्याविषयी २००८मध्ये छापलेला वृत्तान्त बनावट कागदपत्रांवर आधारित असल्याचे उघड झाल्यावर ‘लॉस एंजलिस टाइम्स’ला माफी मागावी लागली.

तुपाक प्रकरणाची कोंडी अखेर फुटली ती आरोपीच्या बोलघेवडेपणामुळे. ड्वेन डेव्हिस हा अँडरसनचा मामा. आपण त्या कॅडिलॅकमध्ये पुढच्या आसनावर होतो आणि गोळ्या मागच्या आसनावरून सुटल्या, असे त्याने २०१९च्या आपल्या आत्मकथनात आणि मुलाखतींत सांगितले. नेवाडातील कायद्यानुसार खुनाला साह्य करणाऱ्यावरही खुनाचा खटला चालतो आणि त्याला मुदतीचे बंधन नाही. डेव्हिसने आरोप नाकारले. पैशांसाठी रचलेल्या गोष्टी पुरावा कशा ठरतील, असा त्याच्या वकिलांचा सवाल आहे. खटल्याची तारीख वारंवार पुढे ढकलली गेली.

दोन्ही मालकांची अखेर कोठडीतच झाली. एका माणसाच्या अंगावर गाडी घातल्याच्या प्रकरणात नाइटला २०१८मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. कोम्ब्सला वेश्याव्यवसायासाठी व्यक्तींची ने-आण केल्याच्या गुन्ह्यात २०२५मध्ये ५० महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. अधिक गंभीर आरोपांतून तो सुटला.

मुलांचा वारसा सांभाळला तो आयांनी. व्यसनातून बाहेर पडलेल्या आफेनी यांनी १९९७मध्ये स्वतःची कंपनी स्थापन करून तुपाकची अप्रकाशित गाणी प्रसिद्ध केली. २०१६मध्ये त्यांचे निधन झाले. व्होलेटा वॉलेस यांनी २००२मध्ये लॉस एंजलिस शहरावर दावा लावला. खुनात पोलिसांतीलच काहींचा हात असल्याचा त्यांचा आरोप होता. २००५मध्ये पोलिसांनी पुरावा दडवल्याचे निष्पन्न होऊन सुनावणी रद्द झाली आणि २०१०मध्ये प्रकरण निकालाविना संपले. २०१९मध्ये ब्रुकलिनमधील ज्या रस्त्यावर बिगी वाढला, तेथील कोपऱ्याला त्याचे नाव देण्यात आले. व्होलेटा यांचे फेब्रुवारी २०२५मध्ये निधन झाले. तोवर त्यांच्या मुलाच्या खुनाबद्दल एकाही व्यक्तीवर आरोपपत्र दाखल झालेले नव्हते.