सार्वजनिक वास्तूंतील हवा : वायुवीजन व गाळण यांच्या मानकांचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

अन्न आणि पाणी यांच्या शुद्धतेसंबंधीचे कायदे, त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणा आणि त्यामागील लोकचळवळी यांचा इतिहास बऱ्याच विस्ताराने लिहिला गेला आहे. त्या तुलनेत सभागृह, शाळा, कचेरी, चित्रपटगृह, उपाहारगृह अशा वास्तूंच्या आतील हवेचा इतिहास उपेक्षित राहिला. वस्तुतः प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे अकरा हजार लिटर हवा श्वासावाटे घेतो. अन्न निवडता येते, पाणी उकळता येते. पण चार भिंतींच्या आत शेजाऱ्याने सोडलेला श्वासच काही अंशी आपल्या वाट्याला येतो. त्यामुळे ही हवा केवळ वैयक्तिक आरोग्याची बाब नसून सामाजिक व्यवस्थेचीही बाब ठरते.

सार्वजनिक वास्तूतील प्रत्येक माणसास दर मिनिटाला किती बाहेरची हवा मिळावी, या प्रश्नास गेल्या दोन शतकांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. १८२४ साली हे प्रमाण ४ घनफूट सांगितले गेले, १८९५ साली ३० घनफूट, १९३६ नंतर १०, १९८१ साली ५ आणि १९८९ साली १५. (एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर.) या काळात मानवी फुप्फुसांची गरज बदलली नव्हती, मग हे आकडे का बदलले? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

दूषित हवेचा सिद्धांत आणि आरंभीची मानके

गर्दीच्या खोलीत जीव घाबरा होतो, याचे कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधले. पुढे थॉमस ट्रेडगोल्ड या इंग्रज अभियंत्याने १८२४ साली सार्वजनिक इमारतींचे तापन व वायुवीजन या विषयावर ग्रंथ लिहिला व दरमाणशी मिनिटाला ४ घनफूट हवा पुरेशी मानली. श्वासोच्छ्वास आणि दिवे यांना किमान किती हवा लागते, या हिशेबावर हा आकडा बेतलेला होता.

१८३४ साली लंडनमधील पार्लमेंटची इमारत आगीत नष्ट झाली. हाउस ऑफ कॉमन्सच्या तात्पुरत्या सभागृहात १८३६ साली एडिंबरोचे डॉ. डेव्हिड बॉसवेल रीड यांनी वायुवीजनाची अभिनव योजना केली. सभागृहाच्या जमिनीस असंख्य बारीक छिद्रे पाडून त्यांवाटे ताजी हवा वर येई व छतातून बाहेर पडे. ती ओढून घेण्यासाठी उंच धुरांड्याच्या तळाशी विस्तव पेटता ठेवला जाई. लंडनच्या हवेतील काजळी अडवण्यासाठी आत येणारी हवा कापडाच्या मोठ्या पडद्यातून गाळली जाई. सार्वजनिक वास्तूत हवा गाळण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या योजनेची गणना करावी लागते. तथापि, एकाच वेळी काही सभासद उकाड्याची तर काही गारठ्याची तक्रार करीत. नव्या इमारतीच्या उभारणीत रीड आणि वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांच्यात तीव्र मतभेद झाले व १८५२ साली रीड यांस दूर करण्यात आले. रीड यांच्या पद्धतीचे वायुवीजन लिव्हरपूल येथील सेंट जॉर्जेस हॉलमध्ये १८५४ साली प्रत्यक्षात आले.

म्युनिक येथील माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली या चर्चेस मोजमापाचे अधिष्ठान दिले. खोलीतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत १००० च्या वर जाऊ नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वायू त्या प्रमाणात स्वतः विषारी नाही. मात्र माणसांच्या उत्सर्जनाने हवा किती बिघडली आहे, याचा तो निदर्शक आहे, हे त्यांनी नेमके ओळखले. त्याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णाच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध राखणे हा शुश्रूषेचा पहिला नियम मानला. पुढे अमेरिकेतील लष्करी डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांनी क्षयासारख्या रोगांचा प्रसार ध्यानी घेऊन दरमाणशी मिनिटाला किमान ३० घनफूट हवेची मागणी केली. अमेरिकेतील तापन व वायुवीजन अभियंत्यांच्या संस्थेने १८९५ साली ते प्रमाण स्वीकारले आणि अनेक राज्यांनी शाळांच्या इमारतींसाठी ते कायद्यात आणले.

मुंबईतील प्लेग आणि 'उजेड-वारा'

हाच विचार वसाहतीच्या राज्यकारभारातून मुंबईत कसा उतरला, हे प्लेगच्या इतिहासावरून दिसते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोगाचे मूळ कोंदट, अंधाऱ्या चाळींत आहे, या समजुतीने १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम आग्रहाने मांडला. त्याचा व्यवहारातील अर्थ असा की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक असू नये. म्हणजेच खिडकीला उजेड आणि वारा मिळण्याचा हक्क भूमितीच्या भाषेत सांगितला गेला.

या कार्याची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. प्रारंभीच्या वर्षांत न्यासाने जितकी घरे पाडली तितकी उभारली नाहीत. विस्थापित झालेली गरीब कुटुंबे शेजारच्या वस्त्यांत जाऊन अधिकच दाटीने राहू लागली. शिवाय प्लेग हवेतून नव्हे तर मुख्यतः उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पुढील दशकभरात सिद्ध झाले. प्लेगपुरता सिद्धांत चुकीचा ठरला. पण त्याच्या पोटी आलेला मोकळ्या हवेचा आग्रह क्षयासारख्या रोगांच्या संदर्भात योग्यच होता. इतिहासातील हा विरोधाभास पुढे उलट दिशेने पुन्हा आढळतो.

जंतुसिद्धांतानंतरचे अवमूल्यन

जंतूंचा शोध लागल्यानंतर हवेचे महत्त्व वाढेल, अशी अपेक्षा असावी. घडले ते उलट. चार्ल्स चेपिन या अमेरिकन आरोग्याधिकाऱ्याने १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बहुतेक संसर्ग स्पर्शाने व जवळच्या थेंबांनी होतात, हवेतून क्वचितच होतात, असे मत मांडले. रोग आकाशातून येतो ही जुनी धारणा पुसून हात धुणे व विलगीकरण यांकडे लक्ष वळवण्यासाठी ते मत उपयुक्त होते. पण कालांतराने ते प्रमेय बनून बसले. दुसरीकडे जर्मनीतील फ्लुग्गे यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की बंद कोठडीत बसलेल्यास नळीने बाहेरची हवा दिली तरी अस्वस्थता जात नाही, मात्र शरीर थंड केले की जाते. यावरून त्रास हवेच्या घटकांचा नसून उष्णता व आर्द्रता यांचा आहे, असा निष्कर्ष निघाला.

रोगाचा संबंध असा तुटल्यावर वायुवीजनाच्या मानकासाठी उरला तो केवळ सुखावहतेचा निकष. हार्वर्ड विद्यापीठात यॅग्लू व त्यांचे सहकारी यांनी १९३६ साली खोलीत शिरणाऱ्या परीक्षकास माणसांच्या अंगाचा वास कितपत जाणवतो, यावरून हवेची गरज ठरवली. त्यानंतर १० घनफुटांचे प्रमाण रूढ झाले. पुढील अर्धशतक सार्वजनिक इमारतींतील हवेचे प्रमाण नाकास दुर्गंध जाणवतो की नाही, याच कसोटीवर मुख्यत्वे बेतले गेले.

याच काळात विरुद्ध पुरावाही उपलब्ध होत होता. विल्यम वेल्स यांनी १९३४ साली दाखवले की सूक्ष्म थेंब वाळून त्यांचे हलके अवशेष हवेत दीर्घकाळ तरंगतात. फिलाडेल्फियाच्या परिसरातील शाळांत वर्गाच्या वरच्या भागात अतिनील दिवे लावल्यावर १९४१ च्या साथीत त्या वर्गांत गोवर कमी पसरला. इतरत्र केलेल्या प्रयोगांत असे स्पष्ट यश न आल्याने हे काम मागे पडले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोर येथील क्षयरोग्यांच्या कक्षातील हवा नळांवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णांशी कसलाही स्पर्श नसता त्या प्राण्यांना क्षय झाला. अतिनील किरणांतून गेलेली हवा मिळालेल्या गटाला तो झाला नाही. क्षयाबाबत हा पुरावा मान्य झाला, पण इमारतींच्या मानकांपर्यंत तो पोहोचला नाही.

गाळलेली हवा कोणासाठी?

हवेवर यांत्रिक प्रक्रिया करण्याच्या तंत्राचा इतिहास पाहता एक बाब ठळकपणे जाणवते. हे तंत्र प्रथम वस्तूंसाठी विकसित झाले. जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपूर येथे सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये हवेत आर्द्रता राखणारी यंत्रे बसवली, कारण नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तुटते. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची योजना आखली. तीमागील कारणही आर्द्रतेमुळे कागद आकुंचन-प्रसरण पावून रंगीत छपाई बिघडते, हे होते. १९०६ साली पेटंट मिळालेले त्यांचे यंत्र पाण्याच्या फवाऱ्याने हवा धुऊन काढीत असे.

अतिसूक्ष्म कण अडवणारी, 'हेपा' या नावाने ओळखली जाणारी गाळणी दुसऱ्या महायुद्धकाळातील अमेरिकेच्या अणुप्रकल्पातून आली. किरणोत्सारी कण बाहेर पडू नयेत, हा तिचा हेतू होता. ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण ती अडवते. ही गाळणी चाळणीसारखी काम करीत नाही. मोठे कण वळणावर तंतूंवर आदळतात, तर अतिसूक्ष्म कण इतस्ततः भटकत तंतूंस चिकटतात. मधल्या आकाराचे कण अडवणे सर्वांत कठीण, म्हणूनच परीक्षा त्या आकाराची घेतली जाते. १९६० च्या दशकाच्या आरंभी विलिस व्हिटफील्ड यांनी याच गाळणीच्या आधारे धूलिमुक्त कक्ष रचला व तेथे सूक्ष्म यंत्रभाग तयार होऊ लागले. अशा रीतीने सूत, कागद व यंत्रभाग यांना हवी तशी हवा मिळाली. चित्रपटगृहांतील वातानुकूलन, उदाहरणार्थ मुंबईचे रिगल (१९३३), हे प्रेक्षकांसाठी होते खरे. परंतु तेथेही आकर्षण गारव्याचे होते. थंड हवा म्हणजे शुद्ध हवा, हा गैरसमज याच काळात रुजला.

तेलसंकट आणि बंद इमारत

१९७३ च्या तेलसंकटानंतर बाहेरची हवा आत घेणे म्हणजे ती तापवण्या-थंड करण्याचा खर्च, असे समीकरण झाले. इमारती अधिकाधिक हवाबंद होऊ लागल्या. 'ॲश्रे' या अमेरिकन अभियंता संस्थेच्या १९८१ च्या मानकात, धूम्रपान नसलेल्या जागी दरमाणशी केवळ ५ घनफूट हवा पुरेशी मानली गेली. ट्रेडगोल्ड यांच्या आकड्याच्या जवळ समाज परत येऊन ठेपला.

याच सुमारास नव्या कचेऱ्यांत डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, घसा कोरडा पडणे, थकवा अशा तक्रारी वाढल्या. इमारतीबाहेर पडताच त्या कमी होत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली या लक्षणसमूहाची दखल घेतली व 'आजारी इमारत' ही संकल्पना रूढ झाली. हवा कमी होण्याबरोबरच गालिचे, रंग, दाबून तयार केलेली लाकडी फळी यांतून निघणारी रसायनेही त्यास कारणीभूत होती. त्याआधी १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ उद्भवून ३४ जण दगावले होते. इमारतीतील पाणी व वातानुकूलन यंत्रणांतून तुषारांवाटे पसरणारा लिजिओनेला हा जीवाणू त्यातून उघडकीस आला. या अनुभवांनंतर १९८९ साली किमान प्रमाण १५ घनफुटांवर नेण्यात आले.

एकविसाव्या शतकातील पुनर्विचार

२४ जानेवारी २०२० रोजी चीनमधील ग्वांगझू येथील खिडक्या नसलेल्या एका उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतील १० जण कोविडबाधित झाल्याचे आढळले. तेथील वातानुकूलन यंत्र आतलीच हवा फिरवीत होते. नंतरच्या मोजणीत दरमाणशी सेकंदाला सुमारे १ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे २ घनफूट बाहेरची हवा मिळत असल्याचे दिसले. १८२४ साली पुरेशी मानलेल्या हवेच्याही ती निम्मी होती. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणारा संसर्ग मान्य करण्याचे जाहीर आवाहन केले. वेल्स यांच्या निरीक्षणास तेव्हा ८६ वर्षे झाली होती. २०२३ साली ॲश्रेने संसर्गकाळासाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. त्यात बाहेरची हवा, गाळलेली हवा व अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेली हवा एकत्र हिशेबात धरून कार्यालयासाठी दरमाणशी ३० व वर्गखोलीसाठी ४० घनफूट इतके प्रमाण सांगितले. बिलिंग्ज यांच्या आकड्यास अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी पुन्हा मान्यता मिळाली.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने नव्या कारखान्यांत दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागा व पुरेसे वायुवीजन बंधनकारक केले. २००९ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनी बारा प्रदूषकांच्या मर्यादा ठरवल्या. त्या मात्र बाहेरच्या हवेच्या होत्या. येथील परिस्थितीत आणखी एक पेच आहे. ज्या शहरात बाहेरची हवाच धुळीने व धुराने भरलेली आहे, तेथे केवळ खिडकी उघडून प्रश्न सुटत नाही. आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून परत देतो, नवी हवा आणत नाही. गाळणी कण अडवते, पण कार्बन डायऑक्साइड अडवू शकत नाही. म्हणून वायुवीजन व गाळण हे एकमेकांना पर्याय नसून परस्परपूरक उपाय होत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हवेचे मानक हा शुद्ध शास्त्रीय आकडा कधीच नव्हता. रोगाविषयीची तत्कालीन धारणा व इंधनाचा भाव यांनी तो घडवला. दुसरी, चुकीच्या सिद्धांताने खिडक्या उघडल्या आणि बरोबर सिद्धांताच्या अपुऱ्या आकलनाने त्या मिटल्या. म्हणून सिद्धांत बदलला तरी त्याबरोबर टिकवण्याजोगी प्रथा टाकली जात नाही ना, हे तपासणे अगत्याचे ठरते. तिसरी, उत्तम हवा देण्याचे तंत्र दीर्घकाळ उपलब्ध असूनही ते आधी मालास मिळाले, माणसास नंतर.

यातून शिक्षणसंस्थांची जबाबदारी सूचित होते. साठ विद्यार्थी तासभर बसतात त्या बंद वर्गात पेटेनकोफर यांची मर्यादा केव्हा ओलांडली जाते, हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने आज सहज कळू शकते. शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याचे पेंगणे हा नेहमी त्याच्या आळसाचाच पुरावा असतो असे नाही. काही वेळा तो त्या खोलीतील हवेचा अहवालही असू शकतो. पिण्याच्या पाण्याची तपासणी जशी संस्थेच्या नित्य कर्तव्यांत गणली जाते, तशी वर्गातील हवेची तपासणीही गणली जावी, हीच या दोनशे वर्षांच्या इतिहासाची शिकवण होय.