घरचं बियाणं टोमॅटोचं

ओहायो राज्यातल्या रेनल्ड्सबर्गच्या अलेक्झांडर लिव्हिंग्स्टनला गुळगुळीत टोमॅटो हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतले टोमॅटो बहुतांशी खाचाखोचांचे, वेडेवाकडे असत. लिव्हिंग्स्टन दर हंगामात सर्वांत देखणं फळ हेरून त्याचं बी धरायचा. पुढच्या वर्षी झाडं पुन्हा वाकडीच फळं द्यायची. पंधरा वर्षं अशी गेल्यावर त्यानं फळाऐवजी झाड पारखायला सुरुवात केली. ज्या झाडाची सगळीच फळं गोल आणि एकसारखी, त्याचंच बी राखायचं. त्या निवडीतून १८७० मध्ये ‘पॅरागॉन’ हा वाण आला.

हे कुणाच्याही परसात जमण्यासारखं होतं. टोमॅटोच्या फुलात स्त्रीकेसर पुंकेसरांच्या नळीत झाकलेला असतो, त्यामुळे फूल बहुधा स्वतःच्याच परागांवर फळतं आणि वाण फारसा भेसळत नाही. पिकल्या फळाचा बियांसकट गर दोन-तीन दिवस आंबवला की बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. हेच आवरण उगवण रोखून धरतं. भरीव बी तळाशी बसतं. ते धुऊन सावलीत वाळवायचं. कोरड्या जागी ते चार-पाच वर्षं सहज टिकतं.

या साधेपणावर एका माणसानं कर्ज फेडलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावी चढणीच्या पायथ्याशी एम. सी. बाइल्स ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचा. वनस्पतिशास्त्राशी त्याचा संबंध नव्हता. त्यानं मोठ्या फळांचे वेगवेगळे वाण गोलात लावले, मधल्या ‘जर्मन जॉन्सन’च्या झाडावर त्यांचे पराग टाकले आणि पुढची काही वर्षं फक्त उत्तम रोपं राखली. १९४० च्या दशकात तो एकेक रोप एक डॉलरला विकू लागला आणि सहा वर्षांत घरावरचं सहा हजार डॉलरचं कर्ज फिटलं. वाणाचं नाव पडलं ‘मॉर्गेज लिफ्टर’, म्हणजे गहाण सोडवणारा.

त्याच सुमाराला उलटा वाराही सुटला. १९४९ मध्ये बर्पी कंपनीनं ओव्हेड शिफ्रिस यांनी तयार केलेला ‘बिग बॉय’ हा संकरित टोमॅटो बाजारात आणला. फळं मोठी, पीक भरघोस. पण संकरिताचं बी धरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात. कुठलं रोप कुणावर जाईल, नेम नसतो. दरवर्षी नवी पुडी घेणं आलं, आणि घरोघरचे वाण मागे पडत गेले.

डायान ऑट व्हीली यांच्या आजोबांकडे बव्हेरियातून आलेल्या ‘जर्मन पिंक’ टोमॅटोचं बी होतं. ते डायान यांच्या हाती आलं आणि १९७५ मध्ये त्यांनी पती केंट यांच्यासह बियाणं राखणाऱ्यांना टपालानं जोडायला सुरुवात केली. त्यातूनच ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ उभी राहिली. आयोवातल्या डेकोरा गावाजवळच्या शेतावर ही संस्था आज हजारो वाण सांभाळते.

अमेरिकेतल्या टोमॅटोंशी भारतातल्या परसबागांचंही एक नातं आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा रुबी’ हा अमेरिकेतल्या ‘सू’ आणि इथल्या ‘इम्प्रूव्ह्ड मीरुती’ या वाणांच्या संकरातून निवडून स्थिर केलेला सरळ वाण आहे, त्यामुळे त्याचं बी घरी धरता येतं. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं तर संरक्षित वाणाचंही बियाणं राखण्याची, पेरण्याची आणि एकमेकांना देण्याची मुभा शेतकऱ्याला दिली. मनाई आहे ती फक्त ते ब्रँड लावून विकायला.