थंड टोकाची कुळकथा

हवामान उपग्रहावरचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर दर फेरीत पृथ्वीवरची नजर दोनदा काढून घेतो. एकदा तो जवळच्या गरम काळ्या ठोकळ्याकडे बघतो. या ठोकळ्याचं तापमान प्लॅटिनमच्या तापमापकांनी मोजलेलं असतं. दुसऱ्यांदा तो रित्या आकाशाकडे बघतो. तिथे २.७३ केल्विन असतात, महास्फोटानंतर उरलेली विश्वाची ऊब. या दोन खुणांच्या आधाराने ढग, समुद्र आणि बाष्प यांचे आकडे लावायचे, याचं नाव कॅलिब्रेशन. बर्फ आणि उकळतं पाणी या खुणांवर तापमापक आखण्याची रीत जुनीच आहे. पण थंड खूण म्हणून थेट विश्वाचा जन्मावशेष कुणी मिळवून दिला?

रूढ उत्तर पेन्झियास आणि विल्सन हे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. न्यू जर्सीतल्या होमडेलला त्यांनी आपला अँटेना द्रव हेलियमने गार केलेल्या प्रमाणाशी ताडून पाहिला, तेव्हा साडेतीन केल्विन जास्तीचे निघाले. १९६५ साली ते जाहीर झालं, १९७८ साली नोबेल मिळालं. हे सगळं मान्य. पण १९४६ चा एक शोधनिबंध वाचनात आला आणि माझं मत फिरलं.

युद्धकाळात एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत सव्वा सेंटिमीटर तरंगलांबीचं रडार तयार झालं, आणि हवेतलं बाष्प त्याच्या लहरी गिळू लागलं. बाष्प नेमकं किती गिळतं, हे मोजायला भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिके यांनी रेडिओमीटर बांधला. यंत्राचा स्वतःचा गोंगाट आकाशातून येणाऱ्या संदेशाच्या कितीतरी पट, शिवाय सतत हेलकावणारा. डिके यांनी सेकंदाला ३० फेरे घेणारी चकती बसवली. क्षणात आकाश, क्षणात माहीत असलेल्या तापमानाचा शोषक, आणि मोजायचा तो फक्त फरक. हे यंत्र फ्लोरिडातल्या लीसबर्गला नेलं. बाष्पाच्या आकड्यांसोबत १९४६ च्या त्याच निबंधात नोंद आहे, की अवकाशातून येणारं प्रारण २० केल्विनहून कमी आहे. पाऊसपाण्याचा माग काढणाऱ्या यंत्राने पहिल्याच मोहिमेत आपल्या भावी थंड खुणेलाही वरची मर्यादा घालून दिली होती! पुढे १९६४ साली डिके स्वतः हीच ऊब शोधायला निघाले, तेव्हा ही जुनी नोंद ते विसरून गेले होते.

यावर आक्षेप येतो, की १९८७ पासून उडालेल्या एसएसएम/आयसारख्या उपग्रहांवरच्या रेडिओमीटरांत डिके यांची चकती नाहीच. खरं आहे. पण तिथे अख्खा अँटेना १.९ सेकंदांत एक फेरी घेतो आणि प्रत्येक फेरीत गरम ठोकळा व आकाश दाखवणारा आरसा यांच्याखालून जातो. माझ्या मते चकती नाहीशी झाली नाही, ती मोठी झाली. हेलियमचं प्रमाण या घराण्यातलं मोलाचं दत्तक मूल, मूळ पुरुष डिकेच.

१९७९ साली भास्कर-१ उपग्रहावरून ‘समीर’ नावाचा भारतीय रेडिओमीटर गेला. त्याची एक वाहिनी २२ गिगाहर्ट्झची होती. डिके यांच्या काळातल्या रडारला ज्या बाष्पाने गिळलं, त्याचीच ती शोषणरेषा.