मंद रस्त्यावरील वेगवान मोटार

३ जुलै २०२५ रोजी बंगळूर शहरात एका फेरारी मोटारीच्या मालकाने परिवहन खात्याकडे सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये कर भरला. मोटारीची किंमत सुमारे साडेसात कोटी. तिच्यावरील पाटी मात्र महाराष्ट्राची होती, आणि प्रकरणाचे मर्म त्या पाटीतच होते. महाराष्ट्रात मोटारीच्या एकरकमी कराला त्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत २० लाखांची कमाल मर्यादा होती. नंतर ती ३० लाख झाली. कर्नाटकात अशी मर्यादा नव्हती. १९८८चा मोटार वाहन कायदा असे सांगतो की, बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी झाली पाहिजे. पाहुणी मोटार आणि घरची मोटार असा भेद कायद्याने केला आहे. ही घरची ठरली.

शर्यतीच्या वेगाची मोटार घरची व्हावी, रोजच्या वापरात यावी, ही हौस आपल्याकडे नवी नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी १९३०च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून अंग चढवून घेतले होते. रंग भगवा आणि काळा. संस्थानिकाची गोष्ट अर्थात निराळी. त्याच्या हद्दीत रस्ता त्याचा, पोलीस त्याचे आणि जकातही त्याचीच. तेथे त्याला अडवणार कोण?

त्याच काळात म्हैसूरचे माजी दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हिंदुस्थानातच मोटारी बनविण्याचा आराखडा घेऊन खटपट करीत होते. पुण्याला अभियांत्रिकी शिकलेला आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारीचा काळ घालविलेला हा गृहस्थ महाराष्ट्राला परका नव्हता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती कल्पना उचलून धरली. परंतु ब्रिटिश सरकारचे पाठबळ मिळाले नाही आणि म्हैसूर संस्थानातील मोटारीचा कारखाना कागदावरच राहिला. दैवाचा खेळ असा की, त्याच वालचंदांनी १९४०च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना काढला तो विमानांचा! त्यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटार कंपनी १९४४ साली निघाली, आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. बंगळूरला मोटारीआधी विमान मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी तयार मोटारींची वाट जवळजवळ बंद झाली. मध्यमवर्गाने अँबॅसडर आणि कुर्ल्याची फियाट यांवर संसार केला. याच फियाटने १९६९ साली इटलीत फेरारीचा निम्मा हिस्सा विकत घेतला. पण दोघींचे ते नाते येथल्या रस्त्यावर दिसावयास आणखी तीन दशके जावी लागली. २००१च्या एप्रिलपासून आयातीवरील परिमाणाचे निर्बंध उठले. पुढच्याच वर्षी सचिन तेंडुलकर यांना ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाटतर्फे फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयात शुल्क सरकारने माफ केले, तेव्हा केवढे काहूर उठले! प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर ती रक्कम फियाटने भरली. जनतेच्या प्रेमालाही जकात चुकत नाही, हे त्या निमित्ताने दिसले. सामान्य माणूस दुचाकीवरही कर भरतो. मग लाडक्या खेळाडूला तो का नको, हा प्रश्न मुळीच क्षुद्र नव्हता.

बंगळूरची संपत्ती राजवाड्यातून आली नाही. १९८१ साली पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ साली तेथे गेली. संगणकाच्या व्यवसायाने शहर पालटले आणि पगारातून, भागभांडवलातून कोट्यधीश झालेली पिढी निर्माण झाली. पण पैसा वाढला तसा रस्ता रुंद झाला नाही. २०२४ साली एका आंतरराष्ट्रीय मोजणीत शहरातील दहा किलोमीटर अंतराला सरासरी सुमारे ३४ मिनिटे लागत असल्याचे आढळले. पुण्याने हसू नये; तेथे सुमारे ३३ मिनिटे लागत होती.

अशा रस्त्यावर ही मोटार रोज चालविणे म्हणजे तिच्या स्वभावाशी भांडण. जमिनीपासून तिचे पोट जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर उंच. आणि रस्त्यांच्या भारतीय मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असतो. मानक न पाळता रातोरात घातलेल्या उंचवट्यांची तर गणतीच नाही. म्हणून काही मोटारींत कळ दाबताच नाक थोडे वर उचलण्याची सोय केलेली असते. नसेल तेथे चालक तिरपी चाल धरतो, एकेक चाक चढवितो, आणि मागचा रिक्षावाला भोंगा वाजवितो. धावत्या वाऱ्याने थंड व्हावयाचे इंजिन उभ्या गर्दीत पंख्यांवर विसंबते, क्लच तापतो. २०२२च्या सप्टेंबरात शहराच्या पूर्वेकडील श्रीमंत वसाहतींत पाणी शिरले, तेव्हा किमती मोटारी दाराशीच बुडाल्या. तळी बुजवून उठविलेल्या वस्तीने मोटारीची जात पाहिली नाही.

कराची पावती घेतलेली ती फेरारी एसएफ ९० जातीची होती. ताशी ३४० किलोमीटरपर्यंत धावणाऱ्या या गाडीत पेट्रोलच्या इंजिनाबरोबर विजेच्या मोटारीही आहेत, आणि केवळ विजेवर ती सुमारे २५ किलोमीटर आवाज न करता जाऊ शकते. बंगळूरच्या त्या सरासरीने हे अंतर कापावयास तिला जवळजवळ दीड तास लागेल.